वहीतली झोप

माझ्या जुन्या लॉगबुकचं एक पान मी जपून ठेवलं आहे. जून २०१६. रात्री ९ ते सकाळी ७, स्लीपर बर्थ. ठिकाण स्पार्क्स, नेवाडा. पट्टी लावून ओढलेली दहा तासांची सरळ रेघ आणि खाली माझी सही.

त्या रात्री मी झोपलो नव्हतो. किराणा मालाच्या एका मोठ्या गोदामात ट्रेलर रिकामा करायला गेलो होतो. खिडकीवर कागद दिले, तर आतली बाई म्हणाली, दार रिकामं नाही, फोन करू. चार तास फोनकडे बघत बसलो. मग दार मिळालं, ट्रेलर मागे लावला आणि हमाल यायला आणखी दीड तास गेला. फोर्कलिफ्ट ट्रेलरमध्ये शिरली की अख्खा ट्रक हलतो. केबिनमागच्या बर्थवर पाठ टेकवावी तर खालून धक्का बसतो, ती बाहेर निघाली की दुसरा. बावीस पॅलेट म्हणजे चव्वेचाळीस धक्के. दाराशेजारी एक दिवा असतो. तो लाल आहे तोवर ट्रक जागचा हलवायचा नाही. हिरवा झाला की लगेच दार मोकळं करून द्यायचं, कारण पुढचा ताटकळत उभा असतो. मी बर्थवरून मान उचलून आरशात तो दिवा बघत होतो. तो हिरवा झाला तेव्हा फटफटलं होतं.

सात वाजता कागदावर माझी दहा तासांची विश्रांती पूर्ण झाली आणि मी निघालो. रिकामा ट्रेलर घेऊन घरी, सॉल्ट लेक सिटीला. पाचशे मैलांहून थोडं जास्त अंतर. विनेमक्का गेलं, एल्को गेलं, दुपारी वेंडोव्हर आलं. तिथून पुढे बोनव्हिलचं मिठाचं मैदान लागतं. रस्ता मैलोन् मैल काठीसारखा सरळ, दोन्हीकडे पांढरं मीठ, नजर टेकवायला झुडूपही नाही. झोप येत असेल तर थांबा, अशा पाट्या तिथे मुद्दाम लावलेल्या आहेत. या मैदानात रस्त्याच्या डाव्या हाताला एक शिल्प उभं आहे, ‘ट्री ऑफ युटा’. कार्ल मोमेन या कलावंताने उभारलेलं ८७ फुटांचं काँक्रीटचं झाड, वर रंगीत गोळे. आजूबाजूला काहीच नसल्यामुळे ते फार लांबून दिसतं, आणि दिसलं की मी घरी बायकोला फोन करायचो, दीड-दोन तासांत पोचतो म्हणून.

त्या दुपारी ते झाड मला दिसलंच नाही. उजवीकडची चाकं कडेच्या खाचांवर चढली, त्या घरघरीने मी भानावर आलो, तेव्हा नोल्सचा फाटा आला होता. झाड पंधरा मैल मागे राहिलं होतं. तेरा-चौदा मिनिटं मी सत्तरच्या वेगाने ते धूड हाकत होतो, आणि त्यातलं एकही मिनिट मला आठवत नव्हतं. आजही आठवत नाही. फाट्यावर ट्रक उभा केला. हात थरथरत होते. समोर लॉगबुक पडलं होतं आणि त्यात लिहिलं होतं की हा माणूस रात्रभर झोपला आहे.

त्या दिवशी खोटी वही लिहिण्याबद्दलचं माझं मत बदललं असतं तर हे लिहायची वेळ आली नसती. बदललं नाही. मी कॉफी कमी पडली म्हणालो, ऊन फार होतं म्हणालो. त्यानंतरही काही वर्षं मी तसंच लिहीत राहिलो.

ज्यांचा या धंद्याशी संबंध नाही त्यांना आधी नियम सांगतो. अमेरिकेत मालवाहू ट्रक चालवणाऱ्याने सलग १० तास विश्रांती घेतली की पुढच्या १४ तासांत तो जास्तीत जास्त ११ तास गाडी चालवू शकतो. हे १४ तासांचं घड्याळ एकदा चालू झालं की, एका अपवादाखेरीज, थांबत नाही. ८ तास चालवल्यावर अर्ध्या तासाचा खंड हवा. शिवाय आठ दिवसांत मिळून ७० तास ड्युटी झाली की चालवणं बंद. सलग ३४ तास सुट्टी घेतली की तो हिशेब पुन्हा शून्यापासून सुरू होतो. हे सगळं सिद्ध करायला प्रत्येक दिवसाचा एक तक्ता असतो. आडव्या चार ओळी: ऑफ ड्युटी, स्लीपर बर्थ, ड्रायव्हिंग आणि ट्रक न चालवता ऑन ड्युटी. उभे चोवीस तास. माणूस दिवसभर या चारांपैकी कुठल्या ना कुठल्या ओळीवर असतो आणि बेरीज चोवीसच यावी लागते.

चौथी ओळ ही सगळ्या भांडणाचं मूळ आहे. डिझेल भरणं, टायर-ब्रेक तपासणं, माल चढवणं-उतरवणं आणि त्यासाठी वाट बघणं, हे सगळं कायद्याने काम आहे, ते चौथ्या ओळीवर लिहायचं. पण मला पैसे मिळायचे मैलावर. तेव्हा मैलाला ४२ सेंट. चौथ्या ओळीवर घालवलेल्या तासाला हातात एक पैसा येत नव्हता, उलट तो तास ७० मधून वजा होणार. म्हणजे खरं लिहिलं की दोनदा मार. मग कोण लिहील?

मी २०१२ मध्ये लग्न होऊन इथे आलो. बायको इथेच वाढलेली, तिच्या माहेरच्यांचं सगळं सॉल्ट लेकला. मी मूळचा निफाड तालुक्यातला, वडिलांच्या हाताखाली ट्रक शिकलेला. २०१३ मध्ये इथला परवाना काढला आणि जालंधरच्या एका वयस्कर ड्रायव्हरबरोबर पहिले सहा आठवडे काढले. त्यांना सगळे पाजी म्हणत. जीव लावणारा माणूस. बर्फात घाट कसा उतरायचा, उतारावर ब्रेक तापू न देता गिअर कसा धरायचा, ते त्यांनी शिकवलं. आणि दुसऱ्या रात्री केबिनमधला दिवा लावून लॉगबुकही शिकवलं. घड्याळ बघून लिहायचं नाही, मैल बघून लिहायचं, हे त्यांचं पहिलं वाक्य. ट्रक किती धावला ते आधी मांडायचं, मग त्याला साजेशी झोप मागून बसवायची. डिझेलच्या पावतीवर वेळ छापलेली असते, तेवढी जुळवायची. काही जण दोन वह्या ठेवायचे, एक पोलिसांसाठी, एक स्वतःसाठी. जुने गोरे ड्रायव्हर या वहीला ‘कॉमिक बुक’ म्हणत.

पाजींना मी आजही दोष देत नाही. त्यांना कुणीतरी तसंच शिकवलं होतं. तासांचे हे नियम पहिल्यांदा आले ते १९३० च्या दशकात, आणि मला वाटतं खोटी वहीही त्यांच्या पाठोपाठच आली असावी. तेव्हाचाच दुसरा एक कायदा मला फार उशिरा कळला. १९३८ मध्ये अमेरिकेत आठवड्याच्या ठरावीक तासांपुढे दीडपट मजुरी द्यायचा कायदा झाला. राज्याराज्यांत माल नेणाऱ्या ट्रकचालकांना त्यातून वगळलं गेलं, कारण त्यांच्या तासांवर आधीच दुसऱ्या खात्याचं नियंत्रण होतं. ती सूट अजून चालू आहे. म्हणजे आमचे तास मोजायचे ते आम्हाला थांबवण्यासाठी; पैसे देण्यासाठी नव्हे. हे मी इतक्या स्पष्ट शब्दांत तेव्हा मांडू शकलो नसतो, पण मनात तेच होतं. ही वही माझ्यावर पहारा ठेवण्यासाठी आहे, माझ्या पोटावर पाय देण्यासाठी आहे, तेव्हा तिच्याशी खोटं बोलण्यात पाप नाही, अशी माझी पक्की समजूत होती.

डिसेंबर २०१७ मध्ये कागदाची वही गेली आणि यंत्र आलं. २०१२ च्या कायद्यातच ते ठरलं होतं. डॅशबोर्डखाली एक डबी, ती इंजिनाला जोडलेली, आणि पुढे टॅबलेट. ट्रकने ताशी ५ मैलांचा वेग गाठला की यंत्र आपोआप ‘ड्रायव्हिंग’ लावतं. पाच मिनिटं उभे राहिलात की विचारतं, आता काय? उत्तर दिलं नाही तर मिनिटाभरात स्वतःच ‘ऑन ड्युटी’ लावतं. चालवलेला वेळ कुणालाही खोडता येत नाही. बाकीची नोंद दुरुस्त केली तर कारण लिहावं लागतं आणि मूळ नोंद आत तशीच राहते.

मी संतापलो होतो. त्या हिवाळ्यात ठिकठिकाणी ड्रायव्हरांनी निदर्शनं केली, त्यांच्याबरोबर मी मनाने होतो. सन २००० च्या आधीच्या इंजिनांना यातून सूट होती, म्हणून काहींनी जुने ट्रक शोधून विकत घेतले; माझ्याकडे पैसे असते तर मीही घेतला असता. मला सगळ्यात जास्त काय लागलं असेल तर ते असं, की कुणीतरी लांबून मला बघतंय. परक्या देशात आलेल्या माणसाला ही गोष्ट इतरांपेक्षा जरा जास्तच बोचते. डोळे माझे, थकवा माझा, आणि थांबायचं कधी ते एका डबीने सांगायचं?

पण थोड्याच आठवड्यांत लक्षात आलं की या डबीला फक्त चाकं कळतात. चाकं फिरत नसताना मी काय करतोय ते माझ्याच बोटाने सांगायचं असतं. डॉकवर, म्हणजे गोदामाच्या दाराशी, पोचलो की मी ‘स्लीपर’ दाबायचो. लोड वाटून देणारा कंपनीचा डिस्पॅचर कधीही, एकदाही, खोटं लिही म्हणाला नाही. २०१६ पासून ड्रायव्हरवर नियम मोडायची जबरदस्ती करणंच बेकायदा आहे, ते त्याला ठाऊक होतं. तो एवढंच म्हणायचा, तास वाचव, उद्या चांगलं लोड आहे. मी तास वाचवत होतो.

इथे एक गोष्ट नीट सांगायला हवी, कारण यावर आमच्यात आजही वाद होतात. डॉकवरचा प्रत्येक तास ऑन ड्युटीच असतो असं नाही. गोदामवाल्याने सांगितलं, सकाळी सातला या, तोवर तुम्ही मोकळे, ट्रकची जबाबदारी तुमच्यावर नाही, तर तो वेळ खराखुरा ऑफ ड्युटी. तसंच उभ्या ट्रकमध्ये खरंच झोपलात तर ती झोपच. माझं तसं नव्हतं. माझा फोन हातात असायचा, कान खिडकीकडे, डोळा लाल दिव्यावर. समोरच्या दुकानातून पाण्याची बाटली आणायला जायची सोय नव्हती. त्याला झोप म्हणणं हे खोटंच.

२०१९ च्या हिवाळ्यात या खोट्याने माझंच मनगट धरलं. नोकरी देताना कंपनीने सांगितलं होतं की डॉकवर पहिले दोन तास फुकट, त्यापुढच्या थांबण्याचे ड्रायव्हरला तासाला २० डॉलर. नोव्हेंबर ते जानेवारी मी एका छोट्या वहीत टिपून ठेवलं. दोन तासांवरचे एकूण ४१ तास निघाले, म्हणजे ८२० डॉलर. घराच्या भाड्याला हातभार लागला असता. कागद घेऊन ऑफिसात गेलो. हिशेब बघणारी बाई नीट बोलणारी होती, हे मला मुद्दाम सांगायचं आहे. तिने संगणकाचा पडदा माझ्याकडे वळवला आणि एक एक तारीख उघडली. कॅन्सस सिटी, सकाळी ११ ते संध्याकाळी ६, स्लीपर बर्थ. ओमाहा, पहाटे २ ते सकाळी ९, स्लीपर बर्थ. प्रत्येक दिवसाखाली माझ्या नोंदी खऱ्या आणि बरोबर आहेत, असं मी बोटाने दाबून प्रमाणित केलेलं. ती म्हणाली, आम्ही पैसे देतो ते ड्युटीवर थांबल्याचे. इथे तर तुम्ही झोपला आहात.

माझ्याकडे माल उतरवल्याच्या कागदांवर गोदामाचे शिक्के होते, आत आल्याची आणि बाहेर पडल्याची वेळ मारलेले. ते पुढे केले. तेवढा वेळ ट्रक तिथे उभा होता हे तिला मान्य होतं. मी तिथे काम करत होतो हे मान्य नव्हतं. आणि ते नाही म्हणणारा साक्षीदार मीच होतो. तीन महिन्यांत, दर वेळी, माझ्याच बोटाने.

पार्किंगमध्ये येऊन गाडीत बसलो. आपण खोटे पडलो याची लाज वाटली, पण त्याहून वेगळं काहीतरी डोक्यात फिरत होतं. इतकी वर्षं मला वाटत होतं की खोटं लिहून मी वहीला, सरकारला, कंपनीला फसवतो आहे. प्रत्यक्षात माझ्या खोटं लिहिण्याचा कंपनीला काडीचा त्रास नव्हता. तिला माझे तास जास्त मिळत होते आणि डॉकवरचे तास फुकट. गोदामालाही त्रास नव्हता. त्यांनी सात तास ताटकळत ठेवलं याचा कागदावर मागमूसच नव्हता. फसत होतो तो मी एकटा. आणि मिठाच्या मैदानात त्या दुपारी माझ्या बाजूने जाणारा जो कुणी असेल, तो.

नंतर मी एक सरकारी अहवाल मिळवून वाचला. अमेरिकेच्या परिवहन खात्याच्या महानिरीक्षक कार्यालयाने जानेवारी २०१८ मध्ये डॉकवर ट्रक अडकून पडण्याबद्दल तो काढला होता. गोदामात जाणारा सरासरी वेळ १५ मिनिटांनी वाढला तर अपघातांचं अपेक्षित प्रमाण ६.२ टक्क्यांनी वाढतं, असं त्यात आहे. अडकून पडल्यामुळे भाड्याने माल वाहणाऱ्या ड्रायव्हरांची कमाई वर्षाला १.१ ते १.३ अब्ज डॉलरनी घटते, असाही अंदाज आहे. पण मला थांबवलं ते तिसऱ्याच गोष्टीने. ड्रायव्हर डॉकवर किती वेळ अडकतात याची अचूक, देशभराची आकडेवारीच उपलब्ध नाही, असं त्या अहवालात म्हटलं होतं. ते वाचताना मला माझी जून २०१६ ची रेघ दिसली. माझे ते तास त्यांना सापडणार कुठून? मी ते झोपेत लिहून टाकले होते. आणि माझ्यासारखे किती असतील.

२०१९ च्या दिवाळीला गावी गेलो. माझ्या वडिलांनी, अण्णांनी, तीस वर्षं लासलगावचा कांदा वाहिला. मालेगाव, धुळे, सेंधव्याचा बिजासन घाट, इंदूर, आणि तसंच वर दिल्लीच्या आझादपूर मंडीपर्यंत. माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत त्यांच्या वह्या होत्या. लाल कापडी पुठ्ठ्याच्या, कांद्याचा वास अजून न गेलेल्या. एका दुपारी मी त्या घेऊन ओट्यावर बसलो. अण्णांचं अक्षर बारीक आणि सरळ. तारीख, कुठून कुठे, किलोमीटर, डिझेल, नाका, पंक्चर, किन्नरचा भत्ता, जेवण, पोलिसांना दिलेली एन्ट्री. एका ठिकाणी ‘ऑइल सील, इंदूर’ आणि पुढे रुपये. पैसा पैसा लिहिलेला. तास कुठेच नाहीत. निघाले कधी, पोचले कधी, मध्ये डोळा कधी लागला, काही नाही.

मी विचारलं, “अण्णा, तुम्ही झोपत कधी होता?”

“माल उतरला की.”

“आणि किती वेळ?”

ते जरा वेळ वहीकडे बघत राहिले. मग म्हणाले, “शेठ ते विचारीतच नव्हता. मग लिहायचं कोणासाठी?”

भारतात १९६१ पासून मोटार वाहतूक कामगारांचा कायदा होता. दिवसाला ८ तास, आठवड्याला ४८, पाच तासांनंतर विसावा, सगळं त्यात लिहिलेलं. अण्णांनी त्याचं नावही ऐकलं नव्हतं. त्यांच्या शेठचा एवढासा धंदा त्या कायद्यात बसत होता की नाही हा प्रश्नच कधी निघाला नाही. त्यांची तीस वर्षांची झोप कुठेच नोंदलेली नाही, आणि न झालेली झोपही नाही. गुडघे गेले, डोळे गेले, ते कशाने, याचा पुरावा नाही. माझ्यापुढे मात्र रोज एक रकाना होता, त्यात खरं लिहायची मुभा होती, आणि मी तो खोट्याने भरत होतो. हे मी अण्णांना त्या दिवशी सांगितलं. ते रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, “तुझ्याकडं रकाना तरी हाय.”

परत आल्यावर, २०२० च्या जानेवारीपासून, मी डॉकवर ‘ऑन ड्युटी’ दाबायला लागलो. शेजारी टीप लिहायची सोय असते. त्यात लिहायचो: ११.०५ ला खिडकीवर नाव दिलं. १.४० ला दार मिळालं. २.५० ला हमाल आले. ५.१५ ला हिरवा दिवा. बस्स, एवढंच.

फुकट झालं नाही. आठवड्याला २,६०० मैल व्हायचे ते २,२०० च्या आसपास आले. ७० तास गुरुवारीच संपायला लागले. डिस्पॅचरचा सूर बदलला, चांगली लोडं दुसऱ्यांकडे जायला लागली. एकदा त्याने सरळ विचारलं, तुला नक्की काय सिद्ध करायचं आहे? मला काहीही सिद्ध करायचं नव्हतं. मी काय केलं तेवढंच लिहायचं होतं. घरीही ताण आला. पगाराची चिठ्ठी बघून बायको म्हणाली, “अहो, बाकी सगळे काय वेडे आहेत का?” तिचं चुकीचं नव्हतं, हप्ते तिच्या पगारातून जात होते. मार्चमध्ये करोनाची साथ आली, मदतीच्या मालासाठी तासांचे नियम तात्पुरते उठवले गेले. त्या दिवसांत काही गोदामांनी ड्रायव्हरांना शौचालयही बंद केलं होतं. मी नोंद चालू ठेवली. उन्हाळ्यात दुसऱ्या कंपनीत गेलो. तिथे मैलाचा दर दोन सेंटने कमी आहे, पण डॉकवरच्या पहिल्या तासानंतर प्रत्येक तासाचे पैसे मिळतात, आणि ते मिळवायला माझी नोंद लागते. पहिल्या महिन्यात १९ तासांचे पैसे आले. नऊ हजार मैलांच्या भाड्यापुढे ती रक्कम मोठी नाही. तरी ती चिठ्ठी मी त्या २०१६ च्या पानाशेजारी ठेवली आहे.

यंत्राबद्दल माझं मत आता चांगलं झालं आहे, असं मात्र कुणी समजू नये. ज्या २०१२ च्या कायद्याने हे यंत्र आणलं, त्याच कायद्यात ट्रकच्या पार्किंगचं एक कलम होतं. २००९ मध्ये जेसन रिव्हनबर्ग नावाच्या ड्रायव्हरचा दक्षिण कॅरोलायनात खून झाला. सुरक्षित जागा नाही म्हणून तो एका बंद पडलेल्या पेट्रोल पंपावर थांबला होता. त्याच्या नावाने ते कलम ओळखलं जातं. यंत्र प्रत्येक ट्रकमध्ये पोचलं. पार्किंगची जागा अजून पोचलेली नाही. रात्री ९ नंतर आय-८० महामार्गावर थांबायला जागा शोधणाऱ्या कुणालाही विचारा. अकरावा तास संपत आलेला असतो, ट्रक स्टॉप भरलेला, रेस्ट एरिया भरलेला, आणि मग हायवेच्या उतरत्या फाट्याच्या कडेला ट्रक उभा करून जीव मुठीत धरून झोपायचं.

चौदा तासांचं घड्याळही मला पटत नाही. २००४ च्या आधीच्या नियमात मधली विश्रांती हिशेबातून वगळली जायची; थकलास तर दोन तास झोप, घड्याळ तुझ्यासाठी थांबेल, अशी सोय होती. नंतर ती गेली. २०२० च्या सप्टेंबरमध्ये थोडी परत आली: सात तास स्लीपरमध्ये आणि वेगळे तीन तास अशी विश्रांती तोडून घेतली तर तो वेळ चौदा तासांत मोजला जात नाही. मला ती खूप उपयोगी पडली. पण त्याच सवलतीमुळे डॉकवरच्या तीन तासांना विश्रांती म्हणायचा मोहही परत आला, हे मला रोज दिसतं. तरुण पोरं तेच करतात. त्यांना मी काय बोलणार, मी सात वर्षं केलं.

माझा आग्रह एवढ्याच गोष्टीचा आहे की नियम चुकीचा असेल तर त्याच्याशी भांडायला हातात खरी नोंद लागते. गोदामं आम्हाला किती अडकवतात हे ओरडून सांगणारे आम्हीच, आणि कागदावर त्या वेळेत झोपलेलेही आम्हीच.

गेल्या आठवड्यात माझ्याबरोबर एक नवा मुलगा होता. कर्नालचा, तेवीस वर्षांचा, परवाना ताजा. मला पाजी म्हणतो. डेन्व्हरजवळच्या एका गोदामात आम्ही दुपारी १२ ला दाराला लागलो. टॅबलेट त्याच्या मांडीवर होता. त्याने विचारलं, “पाजी, स्लीपर लावू?”

मी म्हटलं, “भूक लागली आहे ना? रस्त्यापलीकडे टॅकोची गाडी आहे. जा, निवांत जेवून ये.”

त्याने आरशात बघितलं. दिवा लाल होता. “मध्येच हिरवा झाला तर?”

मी काही बोललो नाही. तो थोडा वेळ आरशात बघत राहिला. मग त्याने ‘ऑन ड्युटी’ दाबलं, वेळ टाकली आणि बोटांवर ७० मधले उरलेले तास मोजले. मोजून झाल्यावर फोन काढला आणि घरी सांगितलं की शनिवारी जमणार नाही, रविवारी येतो.